सोप्यावर वाजणारी मोकळी गाणी

आमच्या होमस्टेच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, शाळेतला एक जुना काळा फळा टांगलाय. वरच्या अर्ध्या भागात त्या दिवसाचं जेवण: शीत, हुमण, खतखतें, सोलकढी. खालच्या अर्ध्यात मी बारीक अक्षरात लिहिते, ‘आत्ता वाजतंय’, मग गाण्याचं नाव, वाजवणाऱ्याचं नाव आणि शेवटी ‘सीसी बीवाय ४.०’. मुंबईच्या एका मुलाने मला विचारलं होतं, “काकू, ते सीसी बीवाय व्हेज आहे ना?”

व्हेजच आहे. कर्त्यानेच वापरायची परवानगी देऊन ठेवलेली ही मोकळी गाणी ताटात कशी येतात, तेवढंच आज सांगते.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी हायस्कुलात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. लॅबमधल्या काही यंत्रांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त प्रणाली होती, त्यामुळे मला तिची धास्ती नाही, एवढीच काय ती माझी विद्या. निवृत्तीनंतर गोव्यात वाळपईच्या पुढे, कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) घराच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आणि सोप्यावर पाच टेबलं मांडली. पहिल्या हंगामात गाणी वाजवायची म्हणजे काय, तर माझा फोन, त्यातलं महिना पैसे भरून घेतलेलं ॲप आणि भाच्याने दिलेला ब्लूटूथ स्पीकर. दुसऱ्या हंगामात एक पत्र आलं. व्यावसायिक जागेत ध्वनिमुद्रित संगीत वाजवता, तर त्याचा परवाना दाखवा किंवा शुल्क भरा.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. दर महिन्याला पैसे भरतेय ना मी! मग त्या ॲपच्या अटी उघडून पहिल्यांदाच वाचल्या. त्यात सरळ लिहिलं होतं, ‘वैयक्तिक वापरासाठी’. सोप्यावर पैसे देऊन जेवणारे पाच टेबलांचे पाहुणे म्हणजे माझा वैयक्तिक वापर नव्हे. पत्र बरोबर होतं. शुल्क भरणं हा एक मार्ग, आणि ज्याला नेहमीची फिल्मी गाणीच हवीत त्याने तोच घ्यावा, त्यात कमीपणा नाही. मला मात्र नुसती मंद वाजणारी गाणी हवी होती. कोणाची, ते महत्त्वाचं नव्हतं. म्हणून मी दुसरी वाट धरली.

ती वाट म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, फळ्यावरचं ‘सीसी’ ते हेच (४.० हा आवृत्तीचा आकडा). २००१ साली ही संस्था निघाली आणि २००२ च्या डिसेंबरात तिचे पहिले परवाने आले. गाणं करणारा माणूस स्वतःच आधी सांगून ठेवतो, की माझं गाणं कोणी कशासाठी वापरलेलं मला चालेल. प्रत्येकाने त्याला वेगळं विचारायला नको. हे सांगणं दोन-दोन अक्षरांच्या तुकड्यांत असतं, आणि सगळा खेळ ती अक्षरं वाचण्यात आहे.

बीवाय म्हणजे माझं नाव द्या. ते जवळपास सगळ्या परवान्यांत असतंच. एसए म्हणजे माझ्या गाण्यावरून काही नवं केलंत, तर तेही याच परवान्याखाली सोडा. एनडी म्हणजे वाजवा, वाटा, पण त्यात फेरफार करून पुढे देऊ नका. आणि एनसी म्हणजे धंद्यासाठी नको. या सगळ्यांच्या पलीकडे सीसी झीरो, म्हणजे कर्त्याने सगळे हक्क सोडले, नाव दिलं नाही तरी चालेल. मी तरी देते.

घरात भाकऱ्या भाजताना ऐकायला यातलं काहीही चालतं. सोप्यावर मात्र एनसी आलं की मी हात मागे घेते. परवान्याच्या भाषेत एनसी म्हणजे ‘मुख्यतः व्यापारी फायद्यासाठी किंवा पैशासाठी नसलेला वापर’. आता जेवणाचे पैसे घेते, गाण्याचे घेत नाही, मग माझा वापर कुठे बसतो, यावर वकिलांनी खुशाल भांडावं. मला ते भांडण नको. बीवाय, बीवाय-एसए, सीसी झीरो ही तीन माझी सोप्यावरची. बीवाय-एनडीही नुसतं जसंच्या तसं वाजवायला चालतं.

हे आता शहाण्यासारखं सांगतेय, पण सुरुवातीचे सहा महिने मी जमेंडो या गाण्यांच्या संकेतस्थळावरून पोतंभर अल्बम उतरवून घेतले आणि बिनधास्त वाजवले. जमेंडो म्हणजे फुकट, एवढंच डोक्यात होतं. एका आषाढात, पाहुणे नसताना, सहज एकेका अल्बमचं पान उघडून पाहिलं तर निम्म्याहून जास्त एनसी निघाले. जमेंडो धंद्यासाठी पैसे घेऊन वेगळा परवाना विकते, हेही तेव्हाच कळलं. सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. तुम्ही तरी अक्षरं आधी वाचा, गाणं नंतर ऐका. उलटं केलंत की गाणं आवडलेलं असतं आणि मग अक्षरं दिसूनही दिसत नाहीत.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देते, कारण भाच्याने माझ्या डोळ्यांदेखत ही चूक केली. धबधब्याच्या रीलमागे गाणं लावलं, म्हणजे चित्राच्या हालचालीशी ते जुळवून बसवलं, की परवान्याच्या हिशेबात तो फेरफार ठरतो. त्यामुळे एनडीचं गाणं रीलला चालत नाही, अगदी एक सेकंदही न कापता लावलंत तरी. आणि एसएचं लावलंत तर ते रील तुम्हाला त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. रीलसाठी बीवाय नाहीतर सीसी झीरो शोधा, डोकं शांत राहतं.

आता शोधायचं कुठे. मला कोणी एकच जागा विचारली तर मी ओपनव्हर्स सांगते. पूर्वी ही क्रिएटिव्ह कॉमन्सचीच शोधखिडकी होती, २०२१ मध्ये ती वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे गेली. उघडून आधी ‘ऑडिओ’ निवडायचं, नाहीतर चित्रांचा पूर येतो. मग गाळणीत ‘व्यावसायिक वापर’ या खुणेवर टिचकी मारायची. प्रकार ‘संगीत’ निवडायचा आणि लांबीत छोटे तुकडे काढून टाकायचे, कारण तिथे फ्रीसाउंड या संग्रहातले सुटे आवाजही येतात. दार करकरणं, बेडूक, पावसाची सर. बेडूक आणि पाऊस आम्हाला कुळागरात फुकट आहेत. प्रत्येक निकालाच्या पानावर श्रेयाची ओळ तयार मिळते, ती उचलून ठेवायची. तरी मूळ पानावर जाऊन परवाना एकदा डोळ्यांनी बघायचाच. शोधखिडकीवर दिसतं ते शेवटी दुसऱ्याकडून आलेलं असतं.

दुसरी जागा फ्री म्युझिक आर्काइव्ह. अमेरिकेतल्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्राने ती २००९ मध्ये सुरू केली. २०१८ मध्ये ती बंद पडायच्या बेतात होती, पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या एका कंपनीने घेतली म्हणून वाचली. हे सांगायचं कारण असं, की जालावरची जागा कायमची नसते. आवडलेलं उतरवून घ्या, आणि त्याच फोल्डरात एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: गाण्याचं नाव, कर्ता, पानाचा पत्ता, परवाना, कोणत्या तारखेला घेतलं. जमलं तर पानाचा स्क्रीनशॉटही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की कर्त्याला तुमच्याकडून काढून घेता येत नाही. उद्या त्याने पान बदललं तरी तुमची प्रत मोकळीच राहते. पण तेव्हा तो परवाना होता हे दाखवायला कागद तुमच्याकडे हवा. सरकारी शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला कागदाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

सीसीमिक्स्टर ही माझी स्वतःची लाडकी जागा. तिथे कोणी नुसता गळा टाकतो, कोणी नुसती गिटार, तिसरा दोन्ही उचलून गाणं बांधतो. प्रत्येक पानावर लिहिलेलं असतं, की यात कोणाकोणाचं काय वापरलंय आणि हे पुढे कोणी वापरलं. आवडलेल्या एका गाण्यावरून निघायचं आणि त्या नावांचा माग काढत जायचं. सुपारी निवडायला बसले की मी हे करते. हात सुपारीत, कान गाण्यात, आणि मधेच ओल्या अंगठ्याने फोनवर पुढचं नाव दाबायचं. एका दुपारी असे तीसेक दुवे फिरते आणि त्यातून दोन-तीन गाणी सोप्यापर्यंत पोचतात. तेवढी पुरेत. एकेक गाणं वेचण्यापेक्षा एकेक माणूस शोधावा, असं मला अनुभवाने वाटतं. माणूस आवडला की त्याचे चार अल्बम एकाच परवान्याखाली हाती लागतात आणि फळ्यावर लिहायलाही बरं पडतं.

सकाळच्या चहाला मी पियानो लावते. किमिको इशिझाका या बाईंनी अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स वाजवून २०१२ मध्ये सीसी झीरोखाली सोडल्या, त्याही लोकवर्गणीतून. बाखची रचना तर केव्हाचीच मोकळी, पण रचना मोकळी म्हणजे तिचं ध्वनिमुद्रण मोकळं नव्हे. म्हणून ही लोकवर्गणी. अशी आणखी पाश्चात्य शास्त्रीय मुद्रणं म्युझओपनवर सापडतात, तिथेही प्रत्येकाचा परवाना वेगळा बघावा लागतो.

इंटरनेट आर्काइव्ह हे जालावरचं ग्रंथालय म्हणजे समुद्र. त्यात ‘नेटलेबल्स’ नावाचा संग्रह आहे. छोट्या छोट्या मंडळींनी जालावरच प्रसिद्ध केलेले हजारो अल्बम, बहुतेक क्रिएटिव्ह कॉमन्सखाली. काही उतरवून न घेता नुसतं ऐकून बघायचं असेल तर ही युक्ती करा. अल्बमच्या पानावर डाउनलोडच्या यादीत ‘एमथ्रीयू’ नावाची फाइल असते. ती गाण्यांची नव्हे, गाण्यांच्या पत्त्यांची यादी. तिच्यावर उजवी टिचकी मारून पत्ता उचलायचा, व्हीएलसी हा प्लेअर उघडायचा, कंट्रोल आणि एन एकदम दाबायचं, खिडकीत पत्ता चिकटवायचा. अख्खा अल्बम ओळीने वाजू लागतो. व्हीएलसी पॅरिसच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलं आणि २००१ पासून ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं. तुमच्याकडे बहुधा असेलच, फक्त सिनेमे बघायला वापरत असाल.

आता आपल्या संगीताचं काय? इथे मी तुम्हाला फसवणार नाही. मोकळ्या परवान्याखाली भारतीय संगीत थोडंच आहे. रोमन लिपीत सतार, तबला, बांसुरी असं काही शोधलंत तर मिळतं ते बरंचसं मालिशवाल्या दुकानातलं संगीत. खाली एक लांबलचक सूं असा आवाज आणि वर मधूनमधून सतारीची तार. आणि आर्काइव्हवर मोठमोठ्या गवयांच्या मैफली सीसी झीरो किंवा ‘पब्लिक डोमेन’ अशी खूण लावून पडलेल्या दिसतात, त्यांना भुलू नका. कोणीतरी घरची कॅसेट चढवली आणि खूण लावून मोकळा झाला. ज्याचा हक्कच नाही, त्याने दिलेली परवानगी काय कामाची? मी आधी चढवणाऱ्याचं नाव बघते. तो स्वतः वाजवणारा किंवा त्याची ध्वनिमुद्रण कंपनी नसेल, तर पुढे सरकते.

पण एक खराखुरा मोकळा खजिना आहे, आणि तो आपला आहे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा. मोजायचा तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. १९६२ मध्ये निघालेली तबकडी १ जानेवारी २०२३ ला मोकळी झाली. आता ख्यालगायिका केसरबाई केरकर घ्या. बाई केरीच्या. आमच्या सत्तरी तालुक्यातली केरी नव्हे, फोंडा तालुक्यातली. (हा घोळ इथे नेहमीचा. पाहुणे चुकीच्या केरीत जाऊन फोन करतात.) त्यांची एक भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घालून अवकाशात गेली. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या ज्या तबकड्या ६० वर्षांपेक्षा जुन्या आहेत, त्या भारतात आज कोणीही वाजवू शकतो. ना पत्र, ना शुल्क. मी त्या रात्री साडेआठनंतर लावते. तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा करायचा आणि तबकडी संपायच्या आत समेवर यायचं, हे ऐकताना पुण्याचे पाहुणेसुद्धा गप्प होतात.

तबकडी मोकळी कधी, हे ठरवताना दोन गोष्टी नडतात. एक म्हणजे मैफलीची, रेडिओवरची किंवा नंतर पहिल्यांदाच बाहेर आलेली मुद्रणं यात धरू नका. त्यांची वर्षं ती प्रसिद्ध झाली तिथून सुरू होतात. दुसरी गोष्ट नाट्यगीतांची, आणि इथे मी स्वतः अडकले होते. ‘मत्स्यगंधा’ हे नाटक १९६४ चं, म्हणजे त्या वर्षात निघालेल्या तबकडीचा हक्क २०२४ अखेर संपला, असा माझा हिशेब. ध्वनिमुद्रणापुरता हिशेब बरोबर. पण चाल आणि शब्द यांचे हक्क वेगळे, आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. त्याला चाली लावणारे मंगेशीचे जितेंद्र अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चाल २०५८ अखेरपर्यंत बांधलेली. ते गाणं वाजवायला मी असेन असं वाटत नाही. उलट जुने नाटककार घ्या: अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. त्यांची पदं मोकळी, चालही तितकीच जुनी असेल आणि तबकडीही, तर सगळं जुळलं. ख्यालात ही कटकट कमी, कारण चीज, म्हणजे बंदिश, बहुधा परंपरेची असते.

लग्नाचं विचारणारे असतात, म्हणून तेही उरकते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाची वरात, लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. गोवा सरकारने २०२४ च्या जानेवारीत त्यावर एक परिपत्रक काढलं होतं, ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. परिपत्रक गेलं, कलम आहे तिथेच आहे. माझ्या रोजच्या जेवणावळीला ते कलम लागू होत नाही, एवढं मला पुरतं.

आता वाजवायचं यंत्र. आमच्याकडे मृगाचा पाऊस सुरू झाला की नेट आणि लाईट दोन्ही हवेवर असतात. जालावरून थेट वाजवत राहायचं म्हटलं तर निम्म्या जेवणात गाणं अडकतं, आणि अडकलेल्या गाण्यापेक्षा बेडूक बरे. म्हणून गाणी घरातच ठेवायची आणि घरातल्या घरात फोनवर ओढायची. त्यासाठी लागतो एक जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी अर्धा-पाऊण तास जरी टिकत असली तरी तोच तुमचा इन्व्हर्टर.

लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट टाकलं आणि त्यावर नेव्हिड्रोम. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. तुमच्या गाण्यांच्या फोल्डरचं ते खाजगी रेडिओ केंद्र करतं. मिंटला चालणारं तयार पॅकेज मिळतं, ते दोनदा टिचकी मारून बसवायचं. मग त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एकच ओळ बदलायची: गाणी कोणत्या फोल्डरात आहेत ती. सेवा पुन्हा सुरू करून ब्राउझरमध्ये त्या लॅपटॉपचा घरच्या नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता आणि अपूर्णविरामानंतर (:) ४५३३ टाकायचं. माझा पत्ता १९२.१६८.१.२० आहे, तुमचा वेगळा असेल, आणि टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे. पहिल्यांदा उघडलं की ते तुम्हालाच मुख्य वापरकर्ता करून घेतं. पासवर्ड लिहून ठेवा.

मी जिथे ठेचकाळले, त्या तीन जागा दाखवते. पहिली: यादी रिकामी. गाणी फोल्डरात दिसताहेत, नेव्हिड्रोम म्हणतं काहीच नाही. दोन संध्याकाळी डोकं फोडल्यावर कळलं, की ते स्वतःच्या वेगळ्या नावाने चालतं आणि माझ्या होम फोल्डरात डोकवायची त्याला परवानगीच नाही. शेजाऱ्याला स्वयंपाकघराची किल्ली दिलेली नसते, तसं. गाणी होम फोल्डरच्या बाहेर, सगळ्यांना वाचता येईल अशा जागी हलवली, पाच मिनिटांत यादी भरली. दुसरी: चौदा माणसं जेवायला, केसरबाईंची तान वर चढतेय, आणि आवाज बंद. आमच्या मावशींनी टेबल पुसताना लॅपटॉपचं झाकण मिटलं होतं आणि तो निजला. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘झाकण मिटल्यावर काही करू नको’ असं निवडा, आजच. तिसरी: लाईट जाऊन आली की राउटर लॅपटॉपला नवा पत्ता द्यायचा आणि फोन जुन्या पत्त्यावर थाप मारत बसायचा. राउटरच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. ते करा.

अँड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइड बसवा. हे मुक्त ॲप्सचं दुकान आहे. त्यातून टेंपो किंवा अल्ट्रासॉनिक घ्या. दोन्ही सबसॉनिक नावाच्या पद्धतीने नेव्हिड्रोमशी बोलतात. पत्ता, नाव, पासवर्ड टाकला की झालं. आवडते अल्बम फोनमध्येच साठवून ठेवायची सोय दोन्हीत आहे, म्हणजे लॅपटॉपनेही मान टाकली तरी फोनवर दोन तास निघतात. हिशेब असा: १२८ केबीपीएसचं एमपी३ तासाला साधारण ५८ एमबी खातं, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) त्याच्या पाच ते सातपट. लॅपटॉपवर फ्लॅक ठेवा, नेव्हिड्रोम ते फोनला पाठवताना लहान करून देतं.

फोल्डर मांडताना माझा एकच नियम: नेव्हिड्रोमला दाखवलेल्या फोल्डरात सोप्यावर चालणारंच जातं. एनसीची गाणी माझ्या स्वतःच्या फोनमध्ये, वेगळी. घाईत कोणीही, मावशींनी किंवा भाच्यानेसुद्धा, काहीही लावलं तरी चूक होऊ नये. नावं नीट लावायला म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे सॉफ्टवेअर वापरा. त्यात परवान्याचं वेगळं खण आहे, ते प्रत्येक गाण्यात भरा. कंटाळवाणं काम आहे. मी चवथीच्या आधीच्या आठवड्यात, एकीकडे करंज्या तळत, दोनशे गाण्यांची खणं भरली, आणि कीबोर्डला अजून तुपाचा वास येतो.

फंकव्हेल नावाचंही एक आहे. त्यात वेगवेगळ्या लोकांची केंद्रं एकमेकांशी जोडलेली असतात आणि एकाकडचं संगीत दुसऱ्याकडून ऐकता येतं. एकट्या घरासाठी ते जड पडतं. पण मी त्याच्याकडे पुन्हा वळलेय, कारण आमच्या वाड्यावरच्या (वस्तीतल्या) भजनाचं ध्वनिमुद्रण करून ठेवलंय. गेल्या भजनी सप्ताहात, पहाटे तीनच्या सुमाराला, गर्दी ओसरल्यावर. अभंग तुकोबांचे, चाली वाड्यावरच्या, मुद्रण माझ्या फोनवरचं. ऑडॅसिटी या आवाज सुधारायच्या सॉफ्टवेअरात थोडा पंख्याचा आवाज काढला. हे बीवाय-एसएखाली सोडावं असं माझ्या मनात. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सातही जणांची परवानगी लागणार, कारण त्या आवाजावर त्यांचाही हक्क आहे. कोऱ्या कागदावर मराठीत चार ओळी लिहून मी दारोदार फिरले. सहा सह्या मिळाल्या. पखवाजवाल्या काकांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “आणि उद्या कोणी मालिशवाल्याने हे लावून पैसे केले तर?”

मी म्हटलं, तर करू देत, तुमचं नाव द्यावं लागेल त्याला. नको असेल तर एनसी लावू. पण मग माझ्यासारखीला ते सोप्यावर वाजवता येणार नाही.

“तुझ्या सोप्यावर मी येऊन वाजवीन की,” ते म्हणाले, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. अजून परत दिलेला नाही.